लंगोट कोण धुतं?

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी मी लहान मुलांची डॉक्टर आहे. बाळांची लघवी कमी होणं या एकाच गोष्टीबाबत माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्या इथे लिहिते आहे. त्यातल्या थोड्याच अज्ञानातून झाल्या. तान्ह्या बाळाला दर किलो वजनामागे तासाला किमान एक मिलिलिटर लघवी व्हायला हवी, हे मला परीक्षेत विचारलं होतं आणि मी बरोबर सांगितलं होतं. तीन किलोच्या बाळाची तासाला तीन मिलिलिटर, म्हणजे साधारण अर्धा चमचा. एवढीशी लघवी कमी झाली की बाळाच्या अंगातलं पाणी घटतंय किंवा मूत्रपिंडाला इजा होतेय, हे फार लवकर कळतं. नाडी क्षीण लागणं, डोळे खोल जाणं, रक्तदाब उतरणं हे सगळं त्यानंतरचं. तरीही माझ्या केसपेपरवर तापाला रकाना होता, वजनाला होता, लघवीला नव्हता. मी ते तोंडीच विचारायचे, आणि तेही एका दमात: "दूध पितंय ना? शी-शू बरोबर आहे ना?"

असं विचारलं की समोरचा माणूस "हो" म्हणतो. बाहेर पन्नास पेशंट बसलेले असतात, डॉक्टर घाईत असते, आणि तिला काय ऐकायचंय ते तिच्या प्रश्नातच असतं.

मे महिन्यातली गोष्ट. आमच्याकडे त्या दिवसांत पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. एक बाप पुढे, मागे त्याची कोवळी बाळंतीण बायको, आणि तिच्या आईच्या हातात गोधडीत गुंडाळलेलं सहा दिवसांचं बाळ. डोक्याला टोपरं, पायांत मोजे. बाप म्हणाला, "कावीळ वाटते मॅडम." मी माझं नेहमीचं वाक्य विचारलं. तो म्हणाला, "हो जी, सगळं बराबर हाय." मी बाळाच्या छातीची, पोटाची कातडी बोटानं दाबून पाहिली. पिवळेपणा पोटापर्यंत होता. पहिल्या आठवड्यात एवढी कावीळ पुष्कळ बाळांना असते. आजी मागून म्हणाली, "लंगोटावर डाग पडते जी, विटकरीसारखे." मी मान वर न करता सांगितलं, "ते असतं, काळजी नको." मग ती म्हणाली, "लेकरू लय शांत हाय. रातभर झोपूनच राह्यते." मी हसून म्हणाले, चांगलंय की. कोवळं ऊन दाखवा, अंगावर पाजत राहा, दोन दिवसांनी आणा. माझ्यापासून दोन पावलांवर बाळांच्या वजनाचा काटा होता. त्याच्यावर औषधकंपनीच्या नमुन्यांचे खोके ठेवलेले होते. ते उचलून बाजूला ठेवायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच माणसं परत आली. बाळाचं अंग तापलेलं, रडणं बारीक, स्तनाला लावलं तर तोंडही हलवत नव्हतं. आता मी खोके काढून वजन केलं: २ किलो ४१० ग्रॅम. डिस्चार्ज कार्डावर जन्माचं वजन २ किलो ९०० लिहिलेलं होतं. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, सात टक्क्यांपर्यंत उतरलं तरी चालतं, दहाच्या पुढे गेलं की धोका. हे सतरा टक्के होतं. आजीनं पिशवीतून आणखी एक कागद काढला. तिसऱ्या दिवशी आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करून गेली होती. २ किलो ६०० भरलं, म्हणून तिनंच यांना दवाखान्यात जायला सांगितलं होतं. जायला दोन-तीन दिवस गेले, तोवर कावीळ दिसायला लागली, आणि बापानं दिसत होतं तेवढंच मला सांगितलं. ज्या कारणासाठी बाळाला पाठवलं होतं ते कारण आजीच्या पिशवीत होतं, आणि मी ते मागितलं नव्हतं.

मग मी आजीकडे वळून विचारलं, लंगोट किती बदलले? ती लगेच म्हणाली, "परवापासून दोनच धुतले जी. एरवी दिवसाले दहा-बारा धुवा लागते." म्हणजे आदल्या दिवशी मी बापाला विचारत होते तेव्हाही हे उत्तर त्याच खोलीत, माझ्यासमोर उभं होतं. बापानं खोटं सांगितलं नव्हतं. त्यानं लंगोट कधी धुतलाच नव्हता.

रक्तातलं सोडियम १६६ आलं. साधारण १३५ ते १४५ असायला हवं. बाळाच्या पोटात दूध पुरेसं जात नसलं की अंगातलं पाणी श्वासातून, कातडीतून, घामातून उडत राहतं आणि मीठ मागे उरतं. नवजात बाळाचं मूत्रपिंड मोठ्या माणसासारखी दाट लघवी करू शकत नाही, त्यामुळे पाणी राखायची त्याची ताकद अपुरीच असते. शेवटी लघवी आटते, आणि जी येते तिच्यातून युरेटचे खडे लंगोटावर विटकरी डाग पाडतात. असे डाग पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्रास दिसतात आणि त्यात वावगं काही नसतं. सहाव्या दिवशी दिसले तर बाळ उपाशी आहे असंच आधी धरायला हवं. मला दोन्ही गोष्टी माहीत होत्या. मी त्यातली सोयीची तेवढी वापरली.

या प्रकारच्या शोषात आणखी एक फसगत असते. वाढलेलं सोडियम पेशींमधलं पाणी ओढून रक्तात आणतं, म्हणून बाळ वरून सुकलेलं दिसत नाही. टाळू फार खोल जात नाही, कातडी ओढली तर पटकन बसते. दिसतं ते फक्त झोपाळू, न रडणारं, सुतासारखं सरळ वाटणारं बाळ. घरातले म्हणतात किती शहाणं आहे. भुकेनं रडायचीही ताकद त्याच्यात उरलेली नसते.

बाळाला जिल्ह्याच्या ठिकाणी नवजात अतिदक्षता कक्षात पाठवलं. अशा बाळाचं सोडियम घाईनं उतरवता येत नाही. ते झपाट्यानं उतरलं तर मेंदूला सूज येते, म्हणून दोन दिवस तासातासानं हिशेब करत सलाईन द्यावं लागतं. तिथे त्याला एकदा झटका आला. पण ते वाचलं.

घरी काय घडलं होतं ते मला नंतर कळलं. बाळंतिणीच्या खोलीच्या खिडक्या बंद, बाळाला सर्दी होईल म्हणून कूलर बंद. पोट सुटेल म्हणून तिला पाणीही मोजून मिळत होतं. बाळाला बोटानं मध चाटवलेला, गुटी दिलेली. अंगावर पाजताना ते फक्त स्तनाग्र चोखत होतं, भोवतीचा काळा भाग तोंडात जात नव्हता, त्यामुळे पान्हा असून दूध उतरत नव्हतं. अतिदक्षता कक्षातल्या एका सिस्टरनं तिच्याजवळ बसून बाळाला कसं धरायचं, तोंड केवढं उघडलं की लावायचं, हे दाखवलं आणि दूध यायला लागलं. हे करायला यंत्र लागत नाही. मीही करू शकले असते.

सासरच्यांनी "हिला दूधच नाही" असं म्हणायला सुरुवात केली होती. यात तुझी काही चूक नाही, असं मी त्या मुलीला सांगितलं. चूक माझी होती, हे मात्र मी तेव्हा सांगितलं नाही. दीड महिन्यांनी लस द्यायला ती आली तेव्हा सांगितलं. मुलगी गप्प राहिली. आजी म्हणाली, "मी तं सांगतच होती जी."

तो मुलगा चालायला उशिरा लागला. आता शाळेत जातो. उशीर त्या आठवड्यामुळे झाला की नाही, हे कुणी खात्रीनं सांगू शकत नाही, आणि मी स्वतःला त्या शंकेचा फायदा देत नाही.

यानंतर मी नवजात बाळांचा हिशेब नीट विचारायला लागले. पहिल्या चोवीस तासांत एकदा तरी लघवी झाली का? बहुतेक बाळांना होते, आणि अठ्ठेचाळीस तासांत झाली नाही तर शोध घ्यावाच लागतो. पहिल्या दिवशी एक ओला लंगोट, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा, रंग पाण्यासारखा. जन्माचं वजन दोन आठवड्यांत परत यायला हवं. भर उन्हाळ्यातही अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा महिने वरचं पाणी लागत नाही, कारण आईच्या दुधात जवळजवळ अठ्ठ्याऐंशी टक्के पाणीच असतं. लागतं ते दूध नीट उतरणं. लघवी कमी झाली म्हणून चमच्यानं पाणी पाजणाऱ्या घरांना मी हे परत परत सांगते, कारण पाण्यानं पोट भरलेलं बाळ दूध आणखी कमी ओढतं.

याहून जुनी एक चूक आहे. ती मी फार थोड्या लोकांना सांगितली आहे.

मी मेडिकल कॉलेजात निवासी डॉक्टर होते. पावसाळ्यातली रात्र, वॉर्डात एका पलंगावर दोन-दोन मुलं. जुलाब-उलट्यांनी आलेल्या दोन वर्षांच्या मुलीला सलाईन लावलेलं होतं, पण शीर सुजल्यामुळे ते मधेच बंद पडलं होतं आणि किती आत गेलं याची नोंद धड नव्हती. दुपारपासून लघवी नाही म्हणून मामा माझ्यामागे लागला होता: लघवी होण्याचं इंजेक्शन द्या. असं इंजेक्शन असतं. फ्रुसेमाइड. हृदय कमजोर असलं, अंगात पाणी साठलं की ते जीव वाचवतं. मी ते दिलं. अर्ध्या तासात थोडी लघवी झाली, मामानं हात जोडले, मलाही सुटल्यासारखं वाटलं. पहाटे तिचे हातपाय गार पडले होते, मनगटाची नाडी लागत नव्हती. वरिष्ठ धावत आले, हाडातून सुई घालून सलाईन ढकललं. ती वाचली नाही.

जुलाबच फार होते, उशिरा आणली होती, असं मला सगळ्यांनी सांगितलं. ते खरंही असेल. पण त्या मुलीच्या अंगात पाणी नव्हतं म्हणून तिचं मूत्रपिंड उरलेलं पाणी धरून ठेवत होतं. लघवी थांबणं हा तिच्या शरीराचा जगायचा प्रयत्न होता, आणि मी औषध देऊन तो मोडला. मुलाची लघवी बंद झाली की पहिला प्रश्न असा: अंगात पाणी कमी पडलंय, की मूत्रपिंड बिघडलंय, की लघवी तयार होऊन वाटेत अडली आहे? लहान मुलांमध्ये बहुतेक वेळा पहिलंच कारण असतं, आणि त्याला पाणी आणि क्षार हाच उपाय असतो. आजही खेड्यापाड्यांतून "लघवीचं इंजेक्शन" घेऊन आलेली मुलं मला दिसतात. ते देणाऱ्यावर मी चिडत नाही. त्याला बसवून ही गोष्ट सांगते.

स्वतःचा दवाखाना सुरू केल्यावर वाटलं, आता तरी हे होणार नाही. मग डायपर आले.

गावातल्या एका नोकरदार घरातलं चौदा महिन्यांचं मूल, हिवाळ्यातले पाण्यासारखे जुलाब. रात्री आईचा फोन आला. मी विचारलं, लघवी होते का? "हो मॅडम, डायपर जड होतोय, सारखा बदलतेय." मी निर्धास्त झाले. ओआरएस देत राहा म्हटलं, आणि ताप आहे म्हणाली म्हणून मेफेनॅमिक अॅसिडचं सिरप चालू ठेवायला सांगितलं. सकाळी मूल आलं तेव्हा डोळे आत गेलेले, रडताना अश्रू नाहीत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू बसत होती. आधीच्या आठवड्यात साडेनऊ किलो असलेलं वजन साडेआठवर आलेलं. डायपर उघडून पाहिला. जड होता तो जुलाबाच्या पाण्यानं. पाण्यासारखी शी आणि लघवी डायपरमधल्या जेलमध्ये एकच होऊन जातात, आणि थोडीच लघवी असेल तर तो वरून कोरडाच लागतो. ती आई खोटं बोलली नव्हती. तिनं जे दिसलं ते सांगितलं. डायपरला काय म्हणायचंय हे ओळखायचं काम माझं होतं.

ओआरएसचंही तसंच. मी नुसतं "ओआरएस द्या" म्हटलं, कोणतं आणि कसं ते सांगितलं नाही. बापानं औषधाच्या दुकानातून फळांच्या चवीचे तयार खोके आणले होते, त्यांच्या नावातच ओआरएस होतं. त्यात साखर कितीतरी जास्त आणि क्षार कमी. एवढी साखर आतड्यात गेली की ती पाणी आत ओढते आणि जुलाब वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटर पाण्याला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम सायट्रेट आणि दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं. हे प्रमाण म्हणजेच औषध. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी साखर-मिठाचं असंच मोजलेलं पाणी तोंडानं पाजून हजारोंचा जीव वाचवला. मी ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते, आणि माझ्याच पेशंटच्या घरी त्या नावाखाली सरबत पाजलं जात होतं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष या प्रकाराविरुद्ध अनेक वर्षं लढल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षेची केंद्रीय संस्था एफएसएसएआयनं सूत्राबाहेरच्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली.

दुसऱ्या टोकाची चूकही घरोघरी होते. लिटरभर पाण्याचं पाकीट अर्धं-अर्धं पेल्यात घालतात. तसं दाट पाणी मुलाला पाजलं की सोडियम चढतं. आता माझ्या दवाखान्यात एक लिटरची बाटली ठेवलेली असते. पाकीट फोडून, उकळून गार केलेल्या पाण्यात ते कसं संपूर्ण विरघळवायचं, हे सिस्टर प्रत्येक आईकडून समोर करून घेते. दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबामागे पन्नास ते शंभर मिलिलिटर, वाटी-चमच्यानं, घोट-घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. बनवलेलं पाणी चोवीस तासांनी फेकायचं.

आणि ते तापाचं सिरप. मेफेनॅमिक अॅसिड आणि आयबुप्रोफेन ही औषधं मूत्रपिंडाकडे रक्त पोचवणारी वाट अरुंद करतात. एरवी मुलाला ते जाणवत नाही. पण अंगातलं पाणी कमी असताना त्याच वाटेवर मूत्रपिंडाची सगळी भिस्त असते. त्या मुलाच्या रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावल्याची खूण, वाढलेलं निघालं. सलाईन दिल्यावर दुपारी कापसाच्या लंगोटावर पहिला ओला गोल उमटला आणि क्रिएटिनिन दोन-तीन दिवसांत उतरलं. जुलाब-उलट्या असलेल्या मुलाला मी आता तापासाठी फक्त पॅरासिटामॉल देते, तेही वजनाच्या हिशेबानं.

मुलगा सारखा ओला असतो म्हणून लघवी भरपूर आहे, अशीही माझी समजूत झाली होती. दीड वर्षाच्या एका मुलाला वारंवार ताप यायचा, लघवीत जंतू सापडायचे, मी प्रतिजैविकं द्यायचे. आई म्हणायची, चड्डी कायम ओली, पण धार नाही, थेंब थेंब, कुंथत करतो. धारेबद्दल मी कान दिला नाही. एकदा पोट तपासताना बेंबीपर्यंत गोळा लागला. ते मूत्राशय होतं, तुडुंब भरलेलं, आणि वाहत होतं ते त्याच्या काठावरचं. काही मुलग्यांच्या मूत्रमार्गात जन्मतः एक पडदा असतो, तो वाट अडवतो. दुर्बिणीतून तो कापला, पण एक मूत्रपिंड निम्म्याहून अधिक गेलं होतं. पहिल्याच जंतुसंसर्गाला सोनोग्राफी केली असती तर ते बरंच वाचलं असतं. मुलाची धार लांब आणि सलग जाते का, हे आता मी तपासणीतच बघते, मूल टेबलावर लघवी करेपर्यंत थांबावं लागलं तरी.

सकाळी डोळे सुजून येणाऱ्या मुलांना अॅलर्जीचे थेंब देऊन घरी पाठवणं हीही मी केलेली चूक. लघवीला फेस आहे का, कमी होते का, एवढं विचारून एक साधी प्रथिनांची तपासणी केली तर लघवीतून प्रथिनं गळण्याचा आजार, नेफ्रॉटिक सिंड्रोम, तिथेच कळतो. थेंबांनी आठवडे वाया जातात.

२०२५ च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया भागात, साध्या सर्दी-खोकल्याची लहान मुलं एकामागून एक गंभीर व्हायला लागली. बहुतेक पाच वर्षांखालची. सर्दी, ताप, मग उलट्या, आणि लघवी बंद. त्यातली अनेक नागपूरला आणली गेली, जिथे आम्हीही आमची अत्यवस्थ मुलं पाठवतो. खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, ४८.६ टक्के. मर्यादा ०.१ टक्का आहे. वीसहून अधिक मुलं गेली. हे रसायन मूत्रपिंडातल्या नलिकांच्या पेशी मारतं आणि त्याची पहिली ठळक खूण लघवी थांबणं हीच असते. मुंबईत १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात याच रसायनानं दूषित झालेल्या ग्लिसरॉलमुळे चौदा रुग्ण दगावले होते, न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं त्याची चौकशी केली होती. २०२२ मध्ये गांबियात सत्तरच्या आसपास मुलं गेली, तीही अशीच.

त्या बातम्या वाचताना माझ्या जुन्या केसपेपरांची मला आठवण झाली. लहान मुलांच्या साध्या सर्दीला खोकल्याच्या सिरपचा उपयोग होत नाही, हे माहीत असून मी वर्षानुवर्षं ते लिहिलं. आईबाप हात हलवत परत गेले तर दुसऱ्या डॉक्टरकडे जातील, ही भीती होती. माझ्या पेशंटना विषारी बाटली मिळाली नाही, यात माझं कर्तृत्व काही नाही. मी आता सिरप लिहीत नाही. काही कुटुंबं खरोखरच दुसरीकडे गेली.

केसपेपरवर रकाना छापून घेतला आहे: शेवटची लघवी किती वाजता, कुणी पाहिली. काट्यावर काही ठेवलेलं नसतं. भरती केलेल्या बाळाचा लंगोट कोरडा असताना आणि ओला झाल्यावर तोलतो, एक ग्रॅम वाढला की एक मिलिलिटर लघवी. नवजात बाळाबरोबर आलेल्यांना मी आधी विचारते, लंगोट कोण धुतं? ज्या कुणाचं नाव निघेल तिला पुढे बसवते आणि बाकीच्यांना थोडा वेळ गप्प राहायला सांगते. पुष्कळदा ती आजी असते, कधी मावशी, कधी धाकटी नणंद. त्या बाईला तास सांगता येतो, रंग सांगता येतो, वास सांगता येतो. आशाताईचं कार्ड मागून घेते. तिनं लिहिलेला आकडा माझ्या अंदाजापेक्षा जास्त भरवशाचा असतो.

तुमच्या घरात तान्हं बाळ असेल तर पहिले पंधरा दिवस ओले लंगोट मोजा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा मारल्या तरी चालेल. मूल आजारी असेल तेव्हा डायपर काढून साधा लंगोट बांधा, किंवा डायपरच्या पुढच्या बाजूला कापसाचा बोळा ठेवा, म्हणजे लघवी झाली की नाही ते कळेल. बाळाला सहा तास किंवा मोठ्या मुलाला आठ तास लघवी झाली नाही, ती चहासारखी किंवा लाल आली, चेहरा सुजला, मूल पेंगुळलं, तर सकाळ व्हायची वाट पाहू नका आणि घरातलं कोणतंही औषध देऊ नका. दवाखान्यात गेल्यावर शेवटची लघवी किती वाजता झाली, हे सगळ्यात आधी सांगा, डॉक्टरनं विचारलं नाही तरी सांगा. तिनं मान वर न करता "ते असतं" म्हटलं तर पुन्हा सांगा, बाळाचं वजन करायला लावा, आणि डाग पडलेला लंगोट न धुता सोबत न्या.